सातवी घागर

"आई, तमिळच्या क्लासची परीक्षा नक्की कोण पास झालं? तू की मी?"

हे विचारायची पैज अलमेलू आणि देविका या मैत्रिणींनी रेवाशी लावली होती. दोघी कंपाउंडच्या कट्ट्यावर बसून तोंड दाबून हसत होत्या. रेवाने पैज जिंकली खरी, पण आईचा चेहरा बघून तिलाच कसंसं झालं.

चेन्नईतल्या टी. नगरला सहा आठवडे, रोज चार-चार तास, असा तो दणदणीत क्लास. आईला शंभरात ब्याऐंशी! त्याला आता पाच महिने झाले. तेव्हापासून भाजीवाली असो की घरमालक, आई रेवाकडे बघायची आणि रेवा फाडफाड बोलून मोकळी व्हायची.

पाण्याची लॉरी आली. दोन दिवसांनी आली होती, त्यामुळे सगळ्यांचीच डोकी तापलेली. पहाटेच रांगेत मांडून ठेवलेली आईची निळी घागर सातवी होती, दुसरी पार मागे. समोरच्या सीतालक्ष्मी मामींनी ती पायाने खुशाल बाजूला सारली आणि आपली हिरवी तिथे घुसवली.

आईने रेवाकडे पाहिलं. नेहमीसारखंच.

रेवाच्या जिभेवर चार खणखणीत वाक्यं तयार होती. तिने ओठ घट्ट मिटले.

पाइप चौथ्या घागरीत गेला. मग पाचवीत.

"रेवा, सांग ना गं त्यांना!"

रेवा आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"दयवु सेय्दु..." आईने क्लासात शिकवल्यासारखी सुरुवात केली. पाण्याच्या रांगेत 'कृपया'! बायका खो खो हसल्या. आईचे कान लालबुंद झाले. पाइप सहाव्या घागरीत.

आईने निळी घागर उचलली आणि दाणकन जागेवर आदळली.

"इदु एन इडम!" ही माझी जागा! आवाज चिरकला, पण गल्लीभर गेला.

मामी बघतच राहिल्या. "अय्यो, येतं की हिला तमिळ!" म्हणत त्यांनी हिरवी घागर मागे घेतली. "मग इतके दिवस मुलीच्या तोंडाने का बोलत होती?"

दुसऱ्या घागरीची पाळी येईपर्यंत लॉरी रिकामी झाली.

"एकच?" दारातच बाबा म्हणाले. "अगं रेवा, तू होतीस ना बोलायला?"

रेवाने घागर ओट्यावर ठेवली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. यापुढे मी पाण्याला जाणार ती मुकी होऊन. घागरी दोन्ही मी उचलीन. बोलायचं आईने."