बारा ग्रॅमचे रोलर

टेम्पोतून स्कूटर उतरताना दिसली तेव्हाच धर्माने हातातला पाना खाली ठेवला. स्कूटर ओळखीची होती. तिच्यामागून उतरणारी रचनाबाईही.

"घाटात बसली," रचना म्हणाली. "सकाळी, म्हसळ्याच्या पुढे, पहिल्याच वळणाला. मागून एसटी हॉर्न मारतेय आणि मी पदर खोचून गाडी ढकलतेय. तिथेच टाकून एसटीने गेले. सव्वाअकराला कचेरीत. तिसरा लेटमार्क. चौथ्याला नोटीस, असं साहेबांनी सगळ्यांच्या देखत सुनावलं."

"मी काय सांगितलेलं?"

"तू काय सांगितलंस ते राहू दे. गाडी चढली का, ते बोल."

रचना श्रीवर्धनची, नोकरी माणगावच्या सरकारी कचेरीत. रोज पंचेचाळीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. तिची छोटी स्कूटर घाटात धापा टाकायची. म्हणून गणपती विसर्जन झालं त्याच आठवड्यात तिने धर्माकडून मोठा सिलिंडर आणि पिस्टन बसवून घेतला. धर्माने हात लावलेली गाडी जिनासुद्धा चढेल, असं गावात म्हणत. म्हणणाऱ्यांत धर्मा पहिला.

पण नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही. बिनगिअरच्या गाडीत पट्ट्याच्या पुलीमध्ये सहा छोटे रोलर असतात, गिअरचं काम तेच करतात. हलके घातले तर इंजिन ओरडतं, पण चढ चढतं. जड घातले तर गाडी सपाटीला लोण्यासारखी जाते आणि चढावर मान टाकते. धर्माने आठ ग्रॅमचे घातले, स्वतः घाटात फिरवून आणली आणि म्हणाला, "शेळीवानी चढते."

दोन दिवसांत रचना परत हजर. "ही गाडी आहे की भाताची गिरण? आवाजाने आळी खिडकीत येते. मोठं इंजिन, मोठं वजन, एवढी साधी गोष्ट आहे. जड घाल."

धर्माने दहाचे घातले. तेही तिला हलके वाटले. मग बारासाठी भांडण झालं. धर्मा ओरडला, ती त्याच्यावर ताण करून ओरडली, आणि बाराचे बसले.

"तुम्हीच घालायला लावलेत!" धर्माचा आवाज आता रस्त्यापलीकडे पोचत होता. "मी हात जोडून सांगत व्हतो, न्हाय चढनार, न्हाय चढनार!"

"मेकॅनिक तू की मी?"

"आता मी व्हय? परवा तर तुम्ही व्हता!"

पंक्चर काढायला आलेले बाळारामकाका बाकावर बसून सुपारी कातरत होते. "दोघांची बी इंजिनं मोठी," ते म्हणाले. "रोलर तेवढं बदला."

"काका, तुम्ही गप बसा!" दोघंही एकदमच म्हणाले. इतक्या वेळात एकमत झालेलं ते एवढंच.

धर्माने पुलीचं झाकण उघडायला घेतलं. "आठचे घालतो. आत्ताच्या आत्ता. बसा मागे, घाट चढवून दाखवतो."

"हात लावायचा नाही!" रचनाने हँडल ओढलं. "चुकलं ते तुला कबूल करायचं नाही. उद्या बाजारात सांगत सुटशील, बाईला गाडी चालवता येत नाही."

"मी तसला न्हाय."

"मग लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"हेच. मोठं इंजिन बसवलं, तीन वेळा रोलर घातले, तरी ही गाडी घाट चढत नाही. दे लिहून! आहे हिंमत?"

धर्माच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. बावीस वर्षं त्याच्या हाताखालून गेलेली एकही गाडी घाटात बसली नव्हती. त्याने बिलबुक ओढलं, कोरं पान फाडलं आणि पेनाने टेबल कोरावं तसं लिहिलं. सही केली. शिक्का आपटला.

"घ्या! चौकट करून भिंतीला लावा. पण माझ्या दुकानाची पायरी पुन्यांदा चढायची न्हाय."

"शिक्का अर्धाच उठलाय," रचना म्हणाली.

धर्माने दुसऱ्यांदा आपटला. टेबलावरचे नट उडून खाली पडले.

"साक्षीदार?"

"आन् मी कशाला?" म्हणत बाळारामकाकांनी सुपारी गालात सारली आणि सही ठोकली. रिकामा माणूस साक्षीला कधी नाही म्हणत नाही.

रचनाने कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला आणि गाडी ढकलत निघून गेली. धर्माने पंक्चरच्या पाण्याच्या टोपाला लाथ घातली.

"गावभर होनार हे," काका म्हणाले.

"होऊ द्या! तिची नोकरी गेली तर माझ्या नावानं खडे फोडील. फोडू द्या!"

दुसऱ्या दिवशी रचनाने पहाटेची पहिली एसटी धरली. कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचली आणि थेट आवक-जावकच्या टेबलापाशी गेली. कारकून रत्नपाल चष्मा पुसत होता.

"आलं का एकदाचं?" त्याने विचारलं. "तेवढ्यासाठी प्रकरण अडलंय तुमचं."

रचनाने धर्माचा कागद पुढे केला. रत्नपालने फायलीतला तिचा अर्ज काढला, कागद जुळतोय का म्हणून बोट फिरवत पुटपुटला, "वाहनास मोठे इंजिन बसवूनही ते घाट चढत नाही, सबब माझी बदली श्रीवर्धन येथे व्हावी, ही विनंती. मेकॅनिकचा सही-शिक्क्याचा दाखला मागाहून सादर करीत आहे." मग टाचणी टोचली आणि वहीत नोंदीसाठी अर्जाची तारीख उतरवून घेतली, चार जून, गणपतीच्याही कितीतरी आधीची.