डावीकडची सीट

बद्रीनाथरावांना गाडी चालवता येत नव्हती. वारज्यात भाजीला जायचं असो की साताऱ्याला लग्नाला, गाडी चालवायची त्यांची बायको शकू, आणि हे शेजारी बसून तिची बोलणी खायचे. ती वारल्यावर गॅरेजवाल्याने बजावलं, "काका, विकायची नसेल तर आठवड्याला थोडा वेळ इंजिन चालू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल."

तेव्हापासून दर रविवारी ते कव्हर काढतात, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावतात, आपल्या नेहमीच्या डावीकडच्या सीटवर बसतात आणि हात लांब करून किल्ली फिरवतात. स्वतःचा पट्टा मात्र मुद्दाम लावत नाहीत. लगेच गाडी टुंग टुंग ओरडायला लागते.



"लावतो गं, लावतो," म्हणतात आणि तसेच बसून राहतात.