तक्रारपेटीतला गुणी माणूस

ऑनलाइन तक्रारपेटीसाठी प्रोग्रामरने लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आदेश देणारा छोटा प्रोग्राम, भलतीच आज्ञाधारक होती. तक्रारीचे शब्द जोडून ती आदेश बनवायची आणि डोळे मिटून चालवायची. साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे, कुणी तक्रारीत सर्व्हरवरचं सगळं पुसायचा आदेश लिहिला तर?” “तर पुसेल, सर,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “आत्ता दुरुस्त कर, नाहीतर घरी जा!” त्याने दुरुस्त करून नोकरी वाचवली. दुसऱ्या दिवशी हिशेबवाल्या काकू सगळं ऑफिस घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या. “तक्रारपेटीतल्या त्या गुणी माणसाला काढलंत ना? प्रिंटर रुसला की त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीतला आदेश मी तक्रारीत लिहायचे, बिचारा लगेच सुरू करायचा! नवा मेला नुसता ‘तक्रार मिळाली’ म्हणतो!” प्रोग्रामर समजावणार, तेवढ्यात साहेबांनी त्याला कोपऱ्यात ओढलं. “घे त्याला परत कामावर,” ते घाम पुसत कुजबुजले, “माझा एसीसुद्धा तोच बघायचा.”