आमची काही हरकत नाही
अश्वजितनं आलेलं स्थळ पुन्हा नाकारलं, तेव्हा त्याच्या आईनं, सिंधूताईनं, मनाशी काहीतरी ठरवलं. देऊळघाटात त्याचा एकच जिवाभावाचा दोस्त होता, राजकुमार. दुपारी शेंगा सोलता सोलता ती हळूच म्हणाली, "बाबू, तुले राजकुमारच आवडत असंन तं मले चालते." एवढं बोलायला माय कधीपासून धीर गोळा करत होती, ते त्याला तिच्या आवाजातून कळलं. तो म्हणाला, "तसं नाही वं माय. मले कोणाचीच ओढ वाटत नाही, ना बाईची ना माणसाची. तो दोस्त हाये फक्त." "असं कुठं असते? लाजू नको. मी काल त्याच्या मायले सांगून आली, पोराचं जबरदस्तीनं लगन नका लावू, आमची काही हरकत नाही." राजकुमारचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगी त्यानं स्वतःच पसंत केली होती. संध्याकाळी राजकुमार आला, पण गाडीवरून उतरला नाही. "तुह्या मायचं बोलणं पोरीकडच्यायच्या कानावर गेलं. सोयरीक मोडली. खरं सांग बे, तुह्या मनात तसं होतं काय?" "नाही," अश्वजित म्हणाला. राजकुमारनं त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि गाडी वळवली. आवाज ऐकून सिंधूताई बाहेर आली. लेकाच्या पाठीवरून हात फिरवत मायेनं म्हणाली, "येईन तो परत. पिरमात होतेच असं."