साहेबांसाठी मोकळी गाडी

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही वेदिकाच्या वाडीत एसटीची वाट बघत उभे आहात. सकाळी पालीला जाणारी ही एकच गाडी. तिला उतारू कमी, म्हणून खर्च वाचवायला ती बंद करायची का, हे ठरवायला आज आगाराचे साहेब स्वतः गाडीतून येणार आहेत. गाडी बंद झाली, तर आठवीतल्या वेदिकाची पालीची शाळा सुटणार. त्यामुळे सगळी वाडी थांब्यावर जमली आहे. गाडी आली. सखारामआजोबांनी साहेबांच्या हातात शहाळं दिलं. वेदिका गाडीत चढली, पण बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन खालीच उभ्या राहिल्या. "काकू, चढा ना," ती दारातून म्हणाली. "आम्ही उद्या जाऊ गो," हौसाकाकू हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांना आज ऐसपैस बसू दे. दाटीवाटी झाली तर काय म्हणतील ते? तू पण मागच्या शिटावर बस हां." साहेबांनी शहाळं संपवलं आणि रिकाम्या गाडीवर नजर फिरवली. "माणसं फार प्रेमळ आहेत तुमची," ते वेदिकाला म्हणाले, "पण उतारू तू एकटीच. त्यात तुझा पास फुकटचा, तो उत्पन्नात कसा धरू?" कंडक्टरने घंटी दिली. खाली सगळी वाडी हसऱ्या चेहऱ्याने हात हलवत होती. आपलं काम झालं, असंच सगळ्यांना वाटत होतं. वेदिकाने खिडकीची काच लावून घेतली.