पाववाली घरी परतली

पुनर्वसन कार्यालय पाववालीच्या घरात भरत असे. लढाईत पांगलेल्या लोकांना आपापल्या घरी आणून बसवायचं, हे त्या कार्यालयाचं काम. गल्लीत छप्पर शाबूत असलेलं घर तेवढं एकच उरलं होतं, म्हणून सरकारने ते ताब्यात घेतलं. सगळे परतेपर्यंत ते सोडता येणार नव्हतं. सगळ्यांत पाववालीही मोडते, हा बारकावा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आला असला तर वरच्या पातळीवर त्याचा विचार चालू होता.

आज ती ओसरीतल्या नेहमीच्या बाकावर न टेकता थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली. ती राहत होती त्या छावणीच्या यादीतून तिचं नाव कमी झालं होतं. सकाळी माणसं तिची खाट उचलायला आली, आणि ती खाटेवर बसलेली होती म्हणून आधी तिला उठायला सांगितलं. तेवढी माणुसकी अजून शिल्लक होती.

साहेब सज्जन माणूस. त्यांनी समोरचे कागद चाळले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मागच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून तपासणीला माणसं आली होती. कोण खरंच परतलं आणि कोण नुसतंच कागदावर, हे त्यांना बघायचं होतं. ओसरीत त्यांना पाववाली बसलेली दिसली. घर कुणाचं, असं त्यांनी विचारलं. माझं, ती म्हणाली. कधीपासूनचं? लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. ‘परतली’ अशी नोंद करून ती माणसं खूश होऊन गेली. इतकी सुखाने घरात नांदणारी बाई त्यांना साऱ्या दौऱ्यात भेटली नव्हती.

"मग खोटं सांगायला हवं होतं का मी?" तिने विचारलं.

"तसं नाही हो, मावशी. पण जरा अडखळायचं होतंत."

चूक दुरुस्त होईल का, असं तिने विचारलं. साहेबांनी समजावून सांगितलं, की घर सुटलेल्याला परतलेला करता येतं. परतलेल्याला पुन्हा घर सुटलेला करायची तरतूद नाही. त्याला नवी लढाई लागते.

तिचं मागणं तसं केवढंसं होतं. साहेब बसत ती बाहेरची खोली, कारकून बसत ती झोपायची, दोन्ही त्यांनी खुशाल ठेवाव्यात. तिला मागची भट्टी हवी होती. भट्टी पेटली की पाव निघतील, पाव निघाले की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पण भट्टीत फायली होत्या. त्या ठेवणाऱ्या शिपायाला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक होतं. जागा कोरडी, वाळवी नाही, उंदीर नाहीत, असं तो येईल त्याला दाखवी.

साहेबांनी दुसरा तोडगा काढला. गल्लीच्या टोकाला लोहाराचं घर रिकामं होतं, अर्धं छप्पर होतं, तिथे तिने राहावं. लोहार आला तर काय, हे तिने विचारलं. आला तर तो इथे अर्ज घेऊन येईल, साहेब म्हणाले, मग त्याचंही बघू.

"म्हणजे मी त्याच्या घरात, आणि तो इथे माझ्या घरात बसून त्याचं घर मागणार," पाववाली म्हणाली. "नको. मी आज इथून हलणार नाही."

ती खरोखरच हलली नाही. दुपार टळली. मग कारकुनाने साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं, की कार्यालयाला रखवालदार मंजूर आहे, माणूस मिळत नाही. साहेबांचा चेहरा उजळला. रखवालदार म्हणून तिला इथेच निजता येईल. आजपासून.

पाववालीने मागे जाऊन भट्टीच्या भिंतीला हात लावला. भिंत गार होती. अंथरूण इथेच घालायचं, तिने ठरवून टाकलं. गार तर गार.

पाच वाजले. खुर्च्या सरकल्या. शिपायाने खिडक्या ओढल्या, एक तेवढी तिच्यासाठी उघडी ठेवली, आणि तो कुलूप घेऊन बाहेर उभा राहिला.

"बाहेरून?" ती म्हणाली. "मी आतून कडी लावते की."

"कडीला सील लागत नाही, मावशी," कारकून म्हणाला. "आत सरकारी कागद आहेत."

"आणि काही झालं म्हणजे?"

"रखवालदाराला हाक मारायची," शिपाई सवयीने म्हणून गेला. मग त्याच्याही लक्षात आलं, आणि तो कुलपाकडे बघत राहिला. तात्पुरतं आहे, असं साहेबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. किल्ली दोनदा फिरली.

दिवस मावळायला आला तेव्हा थोरली जाऊ तिची वळकटी डोक्यावर घेऊन छावणीतून आली. जाऊच्या स्वतःच्या घराच्या नुसत्या भिंती राहिल्या होत्या. तिने हे घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नशीब काढलंस, बाई. गेलीस एकदाची घरी." मग तिने दारावरचं कुलूप हलवून पाहिलं. "अगं, किल्ली दे ना. दारातूनच वाटेला लावतेस का मला?"

पाववाली खिडकीशी आली. वळकटी गजांतून येईना. दोघींनी ती बाहेरच उलगडली. चादर आली, पांघरूण आलं, उशी मात्र अडकून बसली. जाऊ बाहेरून रेटत होती, ती आतून ओढत होती.

"किल्ली दिलीस तर हे कष्ट कशाला?" जाऊ म्हणाली.

"उद्या दहानंतर या, जाऊबाई." उशी अजून गजांतच होती. "साहेबांना सांगून ठेवते, माझ्या ओळखीच्या आहात म्हणून."