बागेतला बंदोबस्त

"पस्तीस वर्षं तुरुंग सांभाळलाय मी. एक कैदी निसटला नाही माझ्या हातून, तिथे या कुत्र्याची काय बिशाद!" निवृत्त जेलरसाहेबांनी बागेत उभं राहून जाहीर केलं. वाक्य संपायच्या आत कुत्रं कुंपणाखालून रस्त्यावर पोचलं होतं.

नवं कुंपण परवडणारं नव्हतं. साहेबांनी मोडक्या पलंगाच्या फळ्या ठोकल्या, खाली विटा रचल्या, रस्ता दिसू नये म्हणून जुने पडदे टांगले. कुत्र्याने विटा ढकलल्या आणि एक पडदा अंगावर पांघरूनच ते गावभर मिरवून आलं.

"अहो, पळत नाही ते, कंटाळतंय एकटं," बायको खिडकीतून म्हणाली. "बसा की जरा त्याच्याजवळ."

साहेब खुर्ची टाकून बसले. कुत्रं त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पसरलं आणि रस्त्याकडे ढुंकूनही बघेना. मात्र साहेब उठले की तेही उठे आणि थेट कुंपणाची वाट धरी. साहेब मुकाट्याने पुन्हा बसत.

दुपार झाली. "बघितलंस? बिनखर्चाचा बंदोबस्त!" साहेबांनी खिडकीकडे बघत मिशीवरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तेवढं जेवणाचं ताट इकडेच आणून देतेस का?"